इलेक्ट्रॉनची पाऊलवाट

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचे राज्य आठवते, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या ग्रंथालयाला वैभव मिळवून देणारे दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) मोठे विद्याव्यासंगी होते. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. त्यात चक्क जगाचा भूगोल सांगितला आहे. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजे लव्हाझिए, लिनियस, बुफाँ अशा युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहजपणे देतात, हे पाहून त्यांना नवल वाटले व तशी नोंद त्यांनी करून ठेवली.

यांपैकी लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आपल्या आजच्या विषयाशी निगडित आहे. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, असे त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाने दाखवून दिले. चुलीत लाकूड जळते तेव्हा प्राणवायू खर्ची पडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि उष्णता मिळते. प्राण्याच्या शरीरातही हेच घडते. परंतु चुलीत ज्वाळा असते, शरीरात ती नसते. अन्न जळते तरी अंग भाजत नाही, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर ना लव्हाझिएजवळ होते, ना सरफोजीराजांच्या ग्रंथालयात. 'प्रोटीन' हा शब्दच मुळी राजांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १८३८ साली प्रचारात आला आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागायला १८९७ साल उजाडावे लागले. उत्तर मात्र या दोन शब्दांतच दडलेले होते. सजीवाच्या शरीरात ज्वलन होते ते इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे, टप्प्याटप्प्याने, हातोहात सोपवले जाऊन. आणि ही सोपवासोपवी प्रथिनांच्या आत होते. ती कशी होते, हे पाहण्यासाठी आपण ग्रंथालयातून बाहेर पडून तंजावरच्या भातशेतीत जाऊ.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार आहे. मेट्टूर धरणातून सोडलेले पाणी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी वाटले जाते आणि कालव्या-पाटांतून शेतोशेती पोहोचते. साधारणतः जून-जुलैत 'कुरुवै' नावाचे अल्प मुदतीचे पीक लावले जाते. रोप चिखलात उभे राहते, वर ऊन असते, पायाशी पाणी असते. रोपाचे हिरवे पान ऊन व पाणी यांपासून जे काही करते, त्यावर आपले सगळ्यांचे जेवण अवलंबून आहे. या कामातील एक महत्त्वाची पायरी म्हणजे पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेणे. पाणी हा फार घट्ट बांधणीचा रेणू आहे. तो सहजासहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. पान ते काम सूर्यप्रकाशाच्या बळावर करते आणि काढून घेतलेला इलेक्ट्रॉन प्रथिनांमधून पुढे पाठवते.

आता प्रथिन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. सजीवांतील प्रथिने मुख्यतः वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. माळेत मणी ओवावेत तशी ती एकापुढे एक जोडलेली असतात. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि त्यांच्यात जो बंध तयार होतो त्याला पेप्टाइड बंध म्हणतात. अशी लहानशी माळ म्हणजे पेप्टाइड आणि मोठी, विशिष्ट आकारात दुमडलेली माळ म्हणजे प्रथिन. माळेत ओवल्यावर अमिनो आम्लाचा जो भाग उरतो त्याला शास्त्रज्ञ 'अवशेष' म्हणतात. हा शब्द ऐकला की पडक्या वाड्याची आठवण होते, पण येथे त्याचा अर्थ केवळ 'पाणी वजा जाता उरलेला भाग' एवढाच आहे. प्रत्येक अवशेषाला माळेच्या कण्यापासून बाजूला निघालेली एक शाखा असते. एका अमिनो आम्लाचे दुसऱ्यापासूनचे वेगळेपण या शाखेत असते.

माळ कशीही दुमडता येत नाही. कण्याचे कोणते वळण शक्य आणि कोणते अशक्य, याचा नकाशा तंजावरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावर, मद्रास विद्यापीठात तयार झाला. गो. ना. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी तो १९६३ साली प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून जगभर तो 'रामचंद्रन आलेख' या नावाने वापरला जातो. रामचंद्रन यांचा हा अभ्यास इलेक्ट्रॉनसंबंधी नव्हता. तरीही त्याचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण माळ जशी दुमडेल त्यावर कोणता अवशेष कोणाच्या शेजारी येणार हे ठरते. आणि इलेक्ट्रॉनच्या प्रवासात सारे काही अंतरावर अवलंबून असते.

येथे एक अडचण उभी राहते. तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन सहज वाहतात, कारण धातूतील काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूच्या मालकीचे नसतात. प्रथिनाचे तसे नाही. रेशीम, लोकर, केस ही सारी प्रथिनेच आहेत. तंजावर जिल्ह्यातील तिरुभुवनम येथे विणल्या जाणाऱ्या रेशमी साडीतून वीज वाहत नाही, हे सांगायला नको. उलट, विजेच्या उपकरणांच्या आरंभकाळात तांब्याच्या तारेवर रेशमाचे सूत गुंडाळत, ते वीज बाहेर जाऊ नये म्हणून. मग अशा विद्युतरोधक पदार्थातून इलेक्ट्रॉन जातो तरी कसा? जीवनसत्त्व 'क'वरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हंगेरीचे नोबेल विजेते आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९४१ साली अशी कल्पना मांडली की, प्रथिने अर्धवाहकासारखी वागत असावीत आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यातून मोकळेपणाने फिरत असावेत. कल्पना धाडसी होती, पण जशीच्या तशी टिकली नाही.

खरा धागा सापडला तो १९६६ साली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉन डीव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स हे प्रकाशावर जगणाऱ्या एका जांभळ्या जीवाणूचा अभ्यास करीत होते. लेसर किरणाचा झोत टाकला की त्या जीवाणूच्या एका प्रथिनातून इलेक्ट्रॉन निघून जातो. शास्त्रज्ञांनी नमुना थंड करत नेला. रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे; म्हणूनच तर दूध थंड जागी ठेवतात. येथेही वेग आधी कमी होत गेला. परंतु शून्याखाली सुमारे १७० अंशांच्याही खाली गेल्यावर तो कमी होण्याचे थांबले. त्याहून कितीही गारठवले तरी इलेक्ट्रॉन त्याच वेगाने जात राहिला. जो प्रवासी डोंगर चढून जातो त्याला ऊर्जा लागते, थंडीत ती मिळत नाही. ज्याला थंडीने फरक पडत नाही तो डोंगर चढतच नसावा, तो आरपार जात असावा. पुंजयामिकीत या घटनेला 'बोगदा परिणाम' असे नाव आहे. इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की तो लहानशा कणासारखा तसाच तरंगासारखाही वागतो. त्याच्या तरंगाचे टोक अडथळ्याच्या पलीकडे पोहोचत असेल, तर काही वेळा तो स्वतःही पलीकडे सापडतो. बोगदा खणलेला मात्र कोठेच नसतो.

या बोगद्याला कडक मर्यादा आहे. प्रथिनाच्या आत अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याचा वेग साधारण एक-तृतीयांश होतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ही घट वरवर किरकोळ वाटते, पण ती चक्रवाढ व्याजासारखी साचत जाते. अंतर एक नॅनोमीटरने वाढले तर वेग सुमारे साठ हजार पटींनी कमी होतो. आपण हिशोब करून पाहू. समजा, एक नॅनोमीटरची उडी घ्यायला एक सेकंद लागतो. (प्रत्यक्षात याहून अत्यंत कमी वेळ लागतो, हा आकडा केवळ सोयीसाठी घेतला आहे.) मग दोन नॅनोमीटरची एकच उडी घ्यायला साठ हजार सेकंद, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ लागेल. पण मध्ये एक पाय टेकायला जागा मिळाली, तर एक-एक नॅनोमीटरच्या दोन उड्या दोन सेकंदांत होतील. सोळा तास आणि दोन सेकंद! प्रथिनातील इलेक्ट्रॉनच्या प्रवासाचे सारे रहस्य या फरकात आहे. पावसाळ्यात ओढा ओलांडताना आपण दगडांवरून पाय टाकत जातो. दगड योग्य अंतरावर असतील तर लहान मूलही पार होते. एक दगड वाहून गेला तर धडधाकट माणूसही काठावर अडतो.

वेग केवळ अंतरावर ठरतो असे नाही. देणाऱ्याची देण्याची तयारी, घेणाऱ्याची ओढ आणि इलेक्ट्रॉन आल्या-गेल्याने आजूबाजूच्या अणूंना करावी लागणारी हालचाल, यांचाही त्यात वाटा असतो. त्याचे गणित रुडॉल्फ मार्कस यांनी बसवले व त्यासाठी त्यांना १९९२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण त्या गणितात शिरणार नाही. एक निष्कर्ष तेवढा पाहू. लेस्ली डटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अनेक प्रथिनांच्या रचना तपासल्या. इलेक्ट्रॉन जेथे थांबतो ती स्थानके एकमेकांपासून १.४ नॅनोमीटरपेक्षा दूर नसतात, असे त्यांना आढळले.

हे दगड म्हणजे नेमके काय? बऱ्याच ठिकाणी ते धातूचे असतात. लोह, तांबे, मँगनीज यांचे अणू प्रथिनाच्या कुशीत बसवलेले असतात. रक्ताला लाल रंग देणारे हीम हे लोहयुक्त वर्तुळ त्यांपैकीच एक. परंतु जेथे धातू नाही तेथे प्रथिनाचे स्वतःचे अवशेष दगडाचे काम करतात. वीसपैकी बहुतेक अमिनो आम्ले आपला इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतात. टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन त्या मानाने सैल हाताची. त्यांच्या शाखेत कार्बन अणूंचे कडे असते आणि त्या कड्यावर काही इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. त्यांतील एखादा काढून घेतला तरी रेणू लगेच मोडत नाही. टायरोसीनचे नाव चीज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. १८४६ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते चीजमध्ये मिळाले होते. ट्रिप्टोफॅन १९०१ साली सापडले. दोन्ही आपल्या रोजच्या आहारातील प्रथिनांत, डाळीत व दुधात, असतात.

आता भाताच्या पानाकडे वळू. पानातील हरितद्रव्याच्या एका खास रेणुसमूहावर प्रकाश पडला की तो आपला इलेक्ट्रॉन पुढे देऊन टाकतो. त्यामुळे त्याच्या ठिकाणी एक जागा रिकामी होते आणि ती भरण्याची त्याला विलक्षण ओढ लागते. जवळच मँगनीजचे चार, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू मिळून झालेला एक लहानसा पुंजका असतो. तोच पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढतो. (त्याची बारकाव्यांसह रचना जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली उलगडली.) पण पुंजका आणि हरितद्रव्य यांच्यातील अंतर एका उडीत ओलांडण्याजोगे नाही. त्या दोहोंच्या मध्ये, 'डी-१' नावाच्या प्रथिनमाळेतील १६१ व्या क्रमांकावर, एक टायरोसीन बसलेले आहे. ते आपला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात हरितद्रव्याला देते आणि स्वतःची भरपाई मँगनीजच्या पुंजक्याकडून करून घेते. देताना त्याचा एक प्रोटॉन शेजारच्या हिस्टिडीनकडे सरकतो व घेताना परत येतो, जणू हात मोकळे व्हावेत म्हणून ओझे शेजाऱ्याकडे द्यावे तसा.

पंगतीत कडेचा माणूस उठला आणि शेजारचा त्याच्या पाटावर सरकला, मग त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा, असे चालू राहिले, तर माणसे एका दिशेने सरकतात आणि रिकामा पाट उलट दिशेने. पानात इलेक्ट्रॉन पाण्याकडून हरितद्रव्याकडे जातो, तर रिकामी जागा हरितद्रव्याकडून पाण्याकडे जाते. अशा चार रिकाम्या जागा पोहोचल्या की पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि प्राणवायूचा एक रेणू हवेत सुटतो. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासातील प्राणवायू अशा एखाद्या टायरोसीनच्या देवघेवीतून आलेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

याला पुरावा काय? १९८८ साली शास्त्रज्ञांनी एका निळ्या-हिरव्या जीवाणूत, ज्याचे प्रकाशसंश्लेषण वनस्पतीसारखेच चालते, १६१ व्या जागेवरील टायरोसीन काढून तेथे फिनाइलअॅलॅनीन बसवले. या दोन अमिनो आम्लांत फरक आहे तो केवळ एका ऑक्सिजन अणूचा. कडे तेच, आकार जवळपास तोच. तरीही जीवाणूला पाण्याचे विघटन करता येईना. शेकडो अवशेषांच्या माळेतील एका अवशेषावरचा एक अणू गेला आणि पाऊलवाट तुटली. माझ्या मते, या विषयातील सर्वांत बोलका प्रयोग हाच. ही जागा किती जोखमीची आहे, ते आणखी एका गोष्टीवरून दिसते. इतक्या तीव्र ओढीच्या रेणूंजवळ राहिल्यामुळे डी-१ प्रथिन उन्हात सतत खराब होत असते आणि पानाला ते पुन्हापुन्हा काढून नवे बसवावे लागते. शेतातले हिरवे पान वरून शांत दिसते. आत डागडुजी अखंड चालू असते.

ट्रिप्टोफॅनची परीक्षा कॅलिफोर्नियातील हॅरी ग्रे आणि जे विंकलर यांच्या प्रयोगशाळेत झाली. तांब्याचा अणू असलेल्या अझुरिन नावाच्या प्रथिनाला त्यांनी बाहेरून ऱ्हेनियम धातूचा एक रेणू जोडला. दोन्ही धातूंतील अंतर १.९ नॅनोमीटर होते. मध्ये ट्रिप्टोफॅन असताना इलेक्ट्रॉन एका उडीच्या हिशोबापेक्षा शेकडो पटींनी लवकर पोहोचला. ट्रिप्टोफॅन काढून दुसरा अवशेष बसवताच हा लाभ नाहीसा झाला. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

पानाने पाण्यापासून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी तांदळाच्या पिठूळ पदार्थात साठवले जातात. आपण भात खातो तेव्हा तेच इलेक्ट्रॉन आपल्या पेशींत उतरतात. पेशीतील तंतुकणिकांमध्ये प्रथिनांची एक साखळी असते. तिच्यातील पहिल्याच मोठ्या प्रथिनात लोह व गंधकाची सात स्थानके एकामागून एक, जणू आगगाडीच्या मार्गावर, मांडलेली आहेत. इलेक्ट्रॉन या मार्गाने उतरत उतरत अखेर प्राणवायूला मिळतो आणि पुन्हा पाणी तयार होते. प्रत्येक उतारावर थोडीथोडी ऊर्जा सुटते व पेशी ती आपल्या कामाला लावते. लव्हाझिएचे 'मंद ज्वलन' ते हेच. चुलीत इलेक्ट्रॉन एका झेपेत प्राणवायूवर कोसळतात, म्हणून ज्वाळा. शरीरात पायऱ्या उतरतात, म्हणून केवळ ऊब.

शेवटची पायरी बंद केली तर काय होते, ते सायनाइड दाखवते. सायनाइड नेमके त्या प्रथिनाला चिकटते जे इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हाती देते. रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरतात. आपल्या उपवासाच्या साबुदाण्याशीही याचा संबंध आहे. तमिळनाडूतील सेलम परिसरात साबुदाणा ज्या कंदापासून बनवतात, त्या कंदात सायनाइड निर्माण करणारा पदार्थ नैसर्गिकपणे असतो. कंद सोलणे, दळणे, पाण्यात धुणे, पिठूळ निवळू देणे आणि भाजणे या क्रियांत तो निघून जातो. कच्चा कंद मात्र कोणी खाऊ नये.

औषधाच्या दृष्टीने पाहता सर्वांत महत्त्वाची पाऊलवाट एका विकरात आहे. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल हे विकर पुरवते. त्याचे नाव रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज. त्यात एका टोकाला टायरोसीनवर रिकामी जागा राखून ठेवलेली असते आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या टोकाला, ३.५ नॅनोमीटर अंतरावरील सिस्टीनपाशी चालते. आपला वरचा हिशोब लावला तर एका उडीत हे अंतर पार करायला युगे लागतील. अमेरिकेतील जोॲन स्टब यांनी अनेक वर्षे चिकाटीने अभ्यास करून दाखवले की मध्ये टायरोसीनचे टप्पे आहेत. ही रिकामी जागा त्यांच्यावरून जाते आणि काम झाले की त्याच वाटेने परत येते. काम चालू असतानाची या विकराची रचना २०२० साली प्रत्यक्ष पाहता आली.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध टायरोसीनवरील ती राखीव रिकामी जागा पुसून टाकते. विकर थांबते, पेशींची वाढ मंदावते. म्हणून हे औषध प्रथम रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले गेले. पुढे असे आढळले की सिकलसेल या आनुवंशिक आजारात ते दिल्यास गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. सिकलसेल स्वतःही एका अवशेषाचीच कथा आहे. हिमोग्लोबिनच्या माळेतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. भारतात हा आजार १९५२ साली प्रथम नोंदवला गेला तो तमिळनाडूच्या निलगिरीतील आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार या भागांतील अनेक कुटुंबे त्याच्याशी झुंजत आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावे लागते. ज्या पाऊलवाटेवर ते आघात करते ती निरोगी पेशींनाही हवी असते.

तंजावरच्या पूर्वेस, समुद्रकाठी, कोडियक्करै येथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा कळते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. कशी कळते, याविषयी एक अनुमान असे की, डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनच्या चार अवशेषांची रांग असते, प्रकाश पडला की तिच्यातून इलेक्ट्रॉन सरकतो आणि या सरकण्यावर चुंबकत्वाचा सूक्ष्म परिणाम होतो. युरोपातील रॉबिन पक्ष्याच्या क्रिप्टोक्रोमवर असा परिणाम २०२१ साली काचनळीत दिसला. जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात तसेच घडते, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे. कोडियक्करैच्या रोहितांविषयी तर एवढेही म्हणता येत नाही. अनुमान मोहक आहे खरे, पण मोहक अनुमानाला पुराव्याची सवलत देता येत नाही.

पाऊलवाटेचा उपयोग संकटातही होतो. प्राणवायू हाताळणाऱ्या विकरात एखादे वेळी क्रिया अर्धवट राहते आणि इलेक्ट्रॉनची तीव्र ओढ असलेला लोह अणू आत तसाच उरतो. तो आसपासचे काहीही ओरबाडू शकतो. ग्रे व विंकलर यांचे म्हणणे असे की, अशा विकरांत टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन यांच्या रांगा आतून पृष्ठभागापर्यंत गेलेल्या दिसतात, त्या तडितरक्षकासारख्या असाव्यात. उंच इमारतीवर पडलेली वीज जशी तारेने जमिनीत नेली जाते, तशी ही धोकादायक रिकामी जागा बाहेर काढून दिली जाते व तेथे ती बुजवली जाते.

भाताच्या शेतात इलेक्ट्रॉनचा प्रवास पानापुरता नाही. तो चिखलातही चालू असतो आणि तेथे तो डोळ्यांना दिसतो. कोरड्या शेतातील मातीचा तांबूसपणा लोहाच्या गंजामुळे असतो. शेतात पाणी साठवले की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. मातीतील जीवाणूंना तर श्वसन थांबवता येत नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यावेच लागतात. मग ते आधी नायट्रेटला, नंतर मँगनीजला, नंतर लोहाला दिले जातात. इलेक्ट्रॉन मिळालेल्या लोहाचा तांबूसपणा जातो आणि चिखल करडा-निळसर होतो. रोप उपटून पाहिले तर करड्या चिखलातून आलेल्या मुळांवर मात्र तपकिरी थर दिसतो. भाताचे रोप आपल्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा पोहोचवते आणि मुळाभोवतीचे लोह पुन्हा गंजते. लावणी करणाऱ्या बायांना हे रंग पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहेत.

गंज हा घन पदार्थ आहे. तो पेशीच्या आत घेता येत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनलाच पेशीबाहेर जावे लागते. जिओबॅक्टर हे जीवाणू या कामात तरबेज असतात. ते आपल्या शरीराबाहेर केसाहून कितीतरी बारीक तंतू काढतात आणि त्या तंतूंतून इलेक्ट्रॉन कित्येक हजार नॅनोमीटर दूर जातो. आपल्या १.४ नॅनोमीटरच्या मर्यादेशी ताडून पाहा, म्हणजे हे किती आश्चर्यकारक आहे ते कळेल. डेरेक लव्हली यांच्या गटाने २००५ साली हे तंतू वीजवाहक असल्याचे जाहीर केले. पुढे २०११ साली त्याच गटातील निखिल मालवणकर यांनी या तंतूंच्या जाळ्यांतून जवळपास धातूसारखे विद्युतवहन होते असे मांडले. कडेदार शाखांचे अवशेष एकमेकांना खेटून उभे असल्याने हे घडत असावे, असा या गटाचा विचार होता. त्यानंतर मालवणकर येल विद्यापीठात गेले आणि २०१९ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची रचना पाहिली गेली, तेव्हा चित्र निराळे निघाले. पाहिलेला तंतू सहा-सहा हीम असलेल्या सायटोक्रोम प्रथिनांच्या एकावर एक रचलेल्या दुव्यांचा होता. लोहाच्या या कड्यांच्या कडा एकमेकींपासून अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, इतक्या जवळ होत्या. दगड येथेही होते, पण ते अवशेषांचे नसून हीमचे होते. लव्हली यांच्या गटाने हा निष्कर्ष पूर्णपणे स्वीकारला नाही. साध्या प्रथिनाचे तंतूही इलेक्ट्रॉन वाहतात, असे ते सांगत राहिले. ज्या संशोधकाने आधीच्या मताला बळ दिले त्याच्याच हातून नवा पुरावा पुढे यावा, हे मात्र मला विशेष वाटते.

शेतात पाणी फार दिवस राहिले आणि लोहही पुरेसे उरले नाही, की इलेक्ट्रॉनची वाट आणखी खाली उतरते. मग दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात आणि भाताच्या त्याच पोकळ देठांतून तो हवेत जातो. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंत मिथेनचा वाटा मोठा आहे. म्हणून अलीकडे शेतकऱ्यांना पाणी अधूनमधून उतरू देण्याचा सल्ला दिला जातो. पाणी उतरले की भेगांतून हवा आत जाते, लोह पुन्हा गंजते आणि जीवाणूंना इलेक्ट्रॉन द्यायला जवळचा घेणारा मिळतो. काही दिवसांनी पाटाचे पाणी फिरून शेतात येते आणि वरचा तांबूस चिखल पुन्हा हळूहळू करडा होऊ लागतो.